माझं खातं कोणी उघडून पाहिलं? : सेबीला मिरजेहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

प्रत : दोन्ही शेअर बाजार, दोन्ही डिपॉझिटरी (डीमॅट खात्यांतले शेअर सांभाळणाऱ्या संस्था) आणि सांगली जिल्ह्यात शाखा किंवा फ्रँचायझी चालवणाऱ्या सर्व ब्रोकर कंपन्या.

महोदय,

माझ्या डीमॅट खात्यातल्या शेअरांची यादी मिरजेतल्या एका ब्रोकरच्या फ्रँचायझी ऑफिसातून माझ्या धाकट्या भावाच्या हातात पडली, आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत ती माझ्याविरुद्ध वापरली गेली. माझा रुपया चोरीला गेलेला नाही, एकही शेअर हललेला नाही. म्हणून ब्रोकर कंपनी म्हणते, काही घडलंच नाही. तक्रार यंत्रणाही फिरून फिरून तिथंच येऊन थांबली. मला हे मान्य नाही. बंद पाकिटातलं पत्र फायलीत जाऊन बसतं, म्हणून हे उघड लिहिते.

ओळख थोडक्यात देते. मी निवृत्त परिचारिका. माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातलं, नोकरी बरीचशी मिरजेत. लोक मिरजेला दवाखान्यांसाठी येतात, पण इथले डॉक्टर, लॅबवाले, औषध दुकानदार, रेल्वेतले नोकरदार आणि आमच्यासारख्या सिस्टर यांचा पैसा शेअरच्या ऑफिसांतही बराच फिरतो. पगारातून उरेल तसे मी चार-पाच शेअर घेत गेले, विकले फार कमी. जे साठलं त्याचा आकडा घरात कुणाला सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही, आणि त्यांनी कधी विचारला नाही. तो आकडा इथंही लिहिणार नाही.

गेल्या वर्षी जमिनीचा विषय निघाला. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडच्या कोरडवाहू रानांना भाव आलाय, जिथं कुसळं उगवायची तिथं द्राक्षबागा उभ्या आहेत. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळं व्हावं, हे आमच्या भागात अजून धरूनच चालतात. 2005 साली कायदा बदलून मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी पक्का केला, तरीही. मी सही करणार नाही म्हटलं. तेव्हा भाऊ चारचौघांत म्हणाला, "अक्का, तुझ्याकडं ह्या कंपनीचं एवढं, त्या कंपनीचं तेवढं शेअर हायत. तुला रान कशाला पायजे?"

अंदाजानं बोलला असता तर मी सोडून दिलं असतं. पण त्यानं कंपन्यांची नावं घेतली, शेअरांची संख्या सांगितली. एका कंपनीनं बोनस शेअर दिल्यावर माझ्याकडं जो अडनिडा आकडा झाला होता, तोसुद्धा त्याला पाठ होता. एवढं फक्त होल्डिंगच्या, म्हणजे खात्यातल्या शेअरांच्या यादीच्या, कागदावर असतं.

मी त्या ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या माणसानं लपवलंसुद्धा नाही. "अहो सिस्टर, भाऊच की तुमचा. बघू म्हणाला, दाखवलं. परक्याला थोडंच दाखवलं?" दोघं एकाच पतसंस्थेच्या संचालक मंडळावर बसतात, हे मला नंतर समजलं.

त्या एका माणसाला खलनायक ठरवून मी थांबणार नाही. त्यानं केलं ते आमच्याकडच्या कितीतरी ऑफिसांत रोज चालतं, आणि त्यात गैर काही आहे असं तिथं कुणाला वाटत नाही. लक्ष देऊन पाहिलं तर ही माहिती एकाच दिशेनं वाहते. नवरा बायकोच्या खात्याची चौकशी करतो, भाऊ बहिणीच्या, मुलगा विधवा आईच्या, आणि त्यांना सांगितलं जातं. उद्या एखादी सून ऑफिसात जाऊन म्हणाली, सासऱ्यांचं होल्डिंग दाखवा, तर त्याच माणसाला गोपनीयतेचा नियम लगेच आठवेल.

आमच्या कामात हे चालत नव्हतं. वॉर्डाबाहेर नातेवाईक उभे असायचे, "सिस्टर, रिपोर्टमध्ये काय निघालं?" विचारणारा सख्खा असला तरी पेशंटला विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवलं. या जिल्ह्यात ज्यांनी एचआयव्हीचे पेशंट सांभाळले त्यांना विचारा, एक रिपोर्ट घरात फुटला की त्या बाईचं काय व्हायचं. पुढं 2017 साली त्यासाठी वेगळा कायदाच झाला. पैशाचा रिपोर्ट फुटल्यानं माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण घरात त्याचं वजन कुठं पडतं आणि त्याखाली कोण चेंगरतं, हेही कळतं.

तुमच्याकडं नियम नाही, असं माझं म्हणणं नाही. 1992 सालच्या शेअर ब्रोकर नियमावलीबरोबर जी आचारसंहिता आली, तिच्यात ग्राहकाच्या गुंतवणुकीची माहिती ब्रोकरनं दुसऱ्या कुणाला सांगायची नाही, कुणाशी त्याची चर्चाही करायची नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. 2011 साली तुम्ही ब्रोकर आणि ग्राहक यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या ठरवणारा दस्तऐवज सगळ्यांना सारखा लागू केलात. कायद्यानं भाग पडलं तर, नाहीतर ग्राहकाची स्पष्ट परवानगी असेल तरच माहिती द्यायची, असं त्यात म्हटलंय. खातं उघडताना जो जाडजूड गठ्ठा पुढं येतो आणि पेन्सिलीनं खुणा केलेल्या जागी आपण सह्या करत जातो, त्या गठ्ठ्यातच हे आहे. त्यात कुठं 'भाऊ वगळून' किंवा 'नवरा वगळून' असं मला दिसलं नाही. आणि ऑफिस फ्रँचायझीचं असलं तरी हात झटकता येत नाहीत. ज्यांना आम्ही अजून सब-ब्रोकर म्हणतो आणि तुमच्या भाषेत आता जे 'अधिकृत व्यक्ती' आहेत, त्यांच्या प्रत्येक कृतीला मूळ ब्रोकर जबाबदार, हेही तुमचंच म्हणणं आहे.

मग अडतं कुठं? शेअर हलण्यावर तुम्ही पहारा बसवलात, माहिती हलण्यावर बसवला नाहीत, इथं.

नोव्हेंबर 2019 मध्ये कार्वी या ब्रोकर कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. ग्राहकांचे शेअर त्यांना न विचारता गहाण टाकून कर्जं उचलली होती. त्यानंतर तुम्ही कामाला लागलात, हे प्रामाणिकपणे मान्य करते. सप्टेंबर 2020 पासून शेअर तारण ठेवायचे तर ग्राहकाचा ओटीपी लागतो. ब्रोकर ग्राहकाकडून सरसकट मुखत्यारपत्र घ्यायचे, 2022 साली त्याच्या जागी मोजक्याच कामांपुरती परवानगी देणारा डीडीपीआयचा कागद आणलात. आज माझा एक शेअर विकायचा तर टीपिन (डिपॉझिटरीनं दिलेला गुप्त क्रमांक) आणि ओटीपी लागतो, नाहीतर मी स्वतः सही केलेला तो कागद. पण माझ्याकडं एकूण किती शेअर आहेत, हे पाहायला, छापायला, मोबाईलवर फोटो काढून पुढं पाठवायला काहीच लागत नाही. ऑफिसातल्या बॅक ऑफिसचं, म्हणजे ग्राहकांची खाती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, लॉगिन पुरतं. ते लॉगिन मालकाचं, डीलरचं, आणि मालक जेवायला घरी गेला की चहा आणणाऱ्या पोराचंही असतं.

बाकीच्या खात्यांचं बघा. माझा क्रेडिट रिपोर्ट एखाद्या बँकेनं पाहिला तर मला मेसेज किंवा ईमेल यायला हवा, हे रिझर्व्ह बँकेनं 26 ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकानं बंधनकारक केलं. कुणी कधी चौकशी केली, त्याची यादीही त्या रिपोर्टातच असते. माझं आधार गेल्या सहा महिन्यांत कुठं कुठं वापरलं गेलं, ते मी घरबसल्या पाहू शकते. आणि माझं डीमॅट खातं, ज्यात माझ्या नोकरीतली सगळी बचत आहे, ते मिरजेतल्या ऑफिसात कोणी कितीदा उघडलं, हे मला कुणीच सांगत नाही. ती नोंद होत नसेल असं कृपा करून म्हणू नका. ऑगस्ट 2024 मध्ये तुम्हीच सायबर सुरक्षेची मोठी चौकट आणलीत, तिच्यात यंत्रणांचे लॉग ठेवणं आणि जपणं आहेच. म्हणजे नोंद आहे. तुम्ही मागितली तर मिळते, शेअर बाजारानं मागितली तर मिळते. जिचं खातं तिलाच मिळत नाही. मी ती लेखी मागितली, तेव्हा ब्रोकर कंपनीच्या मुख्य कार्यालयानं कळवलं की ही 'अंतर्गत' माहिती आहे.

त्याच उत्तरात दुसरं वाक्य असं होतं की आमच्या यंत्रणेतून कोणताही डेटा लीक झालेला नाही. हे खरंच असावं. कुणा हॅकरनं रात्रीत काही पळवलेलं नाही. भर दुपारी, पंख्याखाली, चहाच्या कपासोबत ती यादी दाखवली गेली.

स्कोअर्सवर, म्हणजे तुमच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, तक्रार टाकली. 21 दिवसांत उत्तर, नाही पटलं तर फेरविचार, अशी पद्धत कागदावर चांगली आहे आणि तारखा पाळल्याही गेल्या. पण प्रत्येक पायरीवर प्रश्न तोच, आर्थिक नुकसान किती झालं? आर्थिक नुकसान नाही, म्हटलं की समोरच्याला हायसं वाटतं. भावानं माझ्या शेअरांची यादी काढून माझ्या जमिनीच्या हक्काला शह दिला, त्याची किंमत मी कोणत्या चौकटीत भरायची?

भावाशी माझं भांडण आहे ते मी माझ्या जागी निपटीन. त्याला माझ्या मालमत्तेची माहिती खरोखर हवी असती, तर दावा लावून कोर्टामार्फत मागवता आली असती. कोर्टानं सांगितलं असतं तर ब्रोकरनं द्यावी, माझी हरकत नाही. आयकर खात्याला माझे व्यवहार दिसतात, वार्षिक माहिती विवरणात ते छापून येतात, त्यालाही नाही. मनी लॉन्डरिंगच्या कायद्याखाली संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात, तेही मला न सांगता, हेही मान्य. मी गेल्यावर मृत्यूचा दाखला घेऊन नॉमिनी आला तर त्याला सगळं दाखवा. माझी तक्रार या कशाबद्दलच नाही.

नॉमिनीवरून आठवलं. नॉमिनीचं नाव विवरणावर छापायचं की फक्त नॉमिनेशन केलंय एवढंच, हे निवडायची सोय तुम्ही खातेदाराला दिलीत. ज्या अधिकाऱ्याला ती सुचली त्याला घरातल्या घरात काय होतं याची जाण असणार. तीच जाण बाकीच्या खात्याला का लागू झाली नाही?

आता माझ्या प्रकरणाबाहेरच्या, पण याच जातीच्या आणखी काही गोष्टी. पत्र लिहायच्या आधी मी ओळखीच्या बायकांशी, निवृत्त सहकाऱ्यांशी बोलले, त्यातून आलेल्या.

मोबाईल क्रमांक. प्रत्येक खातेदाराचा क्रमांक आणि ईमेल वेगळा हवा, लेखी विनंती केली तर स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील एवढ्यांपुरती सूट, हे तुमच्या 2011 च्या परिपत्रकात आहे. त्यात दीर नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही. गावाकडं मात्र बाईच्या खात्याला सर्रास दिराचा किंवा पुतण्याचा नंबर, आणि कुठं कुठं तर ऑफिसवाल्याचा स्वतःचाच. ज्यांना ईमेल नाही त्यांचा ईमेल ऑफिसच काढून देतं आणि पासवर्ड त्याच ऑफिसच्या वहीत राहतो. मग शेअर बाजाराकडून येणारा सावधगिरीचा मेसेज नेमका कुणाला सावध करतो? कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे खरेदी-विक्रीचा तपशील, ईमेलनं येते, सगळ्या गुंतवणुकीचं एकत्रित विवरण येतं, त्याला कुलूप असतं आणि बहुतेक वेळा किल्ली म्हणजे खातेदाराचा पॅन. पॅनची झेरॉक्स आम्ही सोनाराच्या दुकानापासून बँकेपर्यंत कुठं कुठं देऊन ठेवलेली असते. ऑफिसवाल्याकडं तर ती असतेच.

व्हॉट्सअॅपवरच्या जाहिराती. 'विश्रामबागच्या एका मॅडमना या वर्षात इतका नफा', खाली स्क्रीनशॉट, नाव अर्धं झाकलेलं. मुंबईत अर्धं नाव झाकलं तर माणूस झाकला जात असेल. सांगलीत पहिली तीन अक्षरं आणि विश्रामबाग एवढं पुरतं, संध्याकाळपर्यंत त्या मॅडमच्या दारात वर्गणीवाला उभा.

आणि जुन्या फायली. फ्रँचायझी बंद पडते, गाळा रिकामा होतो. आत केवायसीचे फॉर्म असतात, त्यांत उत्पन्नाचा गट, बँक खातं, रद्द केलेला चेक, आधारची प्रत, सही. त्या फायली कुठं जातात, हे मी ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही.

ब्रोकरांची बाजूही ऐकली. ते म्हणतात, सिस्टर, आमचे निम्मे ग्राहक म्हातारे, त्यांना अॅप चालवता येत नाही, आम्ही खातं पाहिलंच नाही तर मदत कशी करायची? खरं आहे. मलाही वेळोवेळी मदत लागली आहे. मदतीसाठी खातं उघडू नका, असं मी म्हणतच नाही. उघडलं की मला कळू द्या, आणि मी सांगितल्याशिवाय तिसऱ्याला दाखवू नका, एवढंच म्हणते.

तेव्हा मागण्या. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. पहिल्या दोन मान्य झाल्या तर बाकीच्यांचं अर्धं काम आपोआप होईल.

पहिली. माझं खातं, होल्डिंग किंवा लेजर (पैशांच्या जमा-नावेची नोंद) ब्रोकरच्या किंवा अधिकृत व्यक्तीच्या लॉगिनमधून कोणी, कोणत्या ऑफिसातून, कोणत्या तारखेला, किती वाजता पाहिलं, छापलं किंवा डाउनलोड केलं, याची नोंद मला अॅपवर दिसली पाहिजे, आणि अॅप न वापरणाऱ्याला मागितल्यावर कागदावर, फुकट मिळाली पाहिजे. होल्डिंग छापलं किंवा डाउनलोड केलं गेलं, की त्याच क्षणी मेसेज यावा. शेअर विकताना येतो, तसाच.

दुसरी. फ्रँचायझीच्या स्क्रीनवर ग्राहकाचं होल्डिंग मुळात झाकलेलं असावं आणि ग्राहकाच्या ओटीपीनं त्या दिवसापुरतं उघडावं. ज्या ज्येष्ठांना रोजची कटकट नको, त्यांच्याकडून एका पानाची वेगळी संमती घ्या. मराठीत, मोठ्या अक्षरात, गठ्ठ्यात न दडवता. ती वर्षानं संपावी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागं घेणंही सोपं असावं. ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीचं हेच सूत्र आहे, आणि सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा हक्क आहे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तोपर्यंत वाट पाहायचं तुम्हाला कारण नाही. शिवाय त्या कायद्यातला 250 कोटींपर्यंतचा दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही पडत नाही.

म्हणून तिसरी. माहिती बाहेर गेल्याची तक्रार 'आर्थिक नुकसान नाही' या कारणानं बंद करू नये, आणि ती सिद्ध झाली तर खातेदाराला ठरावीक भरपाई मिळावी. क्रेडिट रिपोर्टातल्या चुकीची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला 100 रुपये द्यायला रिझर्व्ह बँकेनं लावलंच आहे. रक्कम किती, हे तुम्ही ठरवा.

बाकीच्या थोडक्यात. पती, पत्नी, भाऊ, मुलगा, कुणीही असो, लेखी परवानगी नसेल तर तो बाहेरचाच, असं एका ओळीचं परिपत्रक काढा आणि प्रत्येक ऑफिसात मराठीत पाटी लावायला सांगा. ग्राहकाच्या खात्याचे स्क्रीनशॉट जाहिरातीला वापरणं, नाव झाकून का होईना, बंद करा. ब्रोकर आपल्या फ्रँचायझींची तपासणी करतात, तेव्हा एकच मोबाईल किंवा ईमेल किती खात्यांना जोडलाय हे पाहून खातेदाराला थेट फोन करून विचारा, ऑफिसमार्फत नको. आणि फ्रँचायझी बंद होताना एकेक फाइल मोजून मूळ ब्रोकरकडं गेली, याचा दाखला घ्या.

मिरजेतल्या त्या ऑफिसाबद्दल माझी वेगळी मागणी नाही. तक्रार क्रमांक तुमच्याकडं आहे. गेल्या वर्षातले त्या ऑफिसाचे लॉग मागवून पाहा, माझं खातं कधी उघडलं ते दिसेल. बाकीच्यांची किती उघडली तेही त्याच कागदावर असेल. ते पाहून काय करायचं, हा अधिकार तुमचा आहे.

या पत्राखाली मी नाव लिहीत नाही. नाव, पत्ता आणि खातं क्रमांक तुम्हाला स्पीड पोस्टानं पाठवलेल्या प्रतीवर आहे. उत्तर मराठीत द्यावं आणि थेट त्याच पत्त्यावर पाठवावं. ब्रोकर कंपनीमार्फत किंवा त्या ऑफिसामार्फत पाठवू नये, ही विनंती.

आपली,
एक खातेदार, निवृत्त परिचारिका
मिरज, जि. सांगली